गळ्याचा आशीर्वाद

मेणबत्त्या पेटवलेल्या नव्हत्या. लाल फितीने फुलीसारख्या बांधलेल्या त्या दोन मेणबत्त्या फादर कॉनली ज्याच्या-त्याच्या गळ्याला दोन्ही बाजूंनी टेकवत, तेव्हा त्यांची वरची टोके किंचित हलत. नाडीच्या ठोक्याबरोबर. रांगेत रोझलीनच्या पुढे असलेल्या तरुण गायकाचे ठोके संथ होते. तिने स्वतःच्या गळ्यावर बोट ठेवले आणि लगेच काढले.

संत ब्लेझ म्हणजे घशाच्या दुखण्यांपासून राखणारे. दर फेब्रुवारीत त्यांच्या सणाला लंडनच्या नाटकवाल्यांची कॅथलिक संघटना थिएटरांमागच्या या लहानशा चर्चमध्ये गळ्याला आशीर्वाद घ्यायला रांग लावी. सगळेच गळ्यावर पोट असलेले. गायकाने 'आमेन' असे ठणकावून म्हटले, तेव्हा फादरनी मान वर न करताच त्याला सांगितले, "बाबा रे, बाल्कनी रिकामी आहे आज."

रांग हसली. रोझलीनही हसली, पण तिच्या तोंडून नुसती हवा आली.

मागे उभ्या असलेल्या डेस्मंडच्या ते लक्षात आले. दोघांनी उमेदीची वर्षे एकाच कंपनीत काढली होती. ती नायिका, हा विदूषक. त्याने खोदून विचारले तेव्हा तिने कुजबुजत सांगून टाकले. किरणोपचारांनी जाळलेली घशातली कर्करोगाची गाठ परत आली होती. सर्जन म्हणत होते, स्वरयंत्र पूर्ण काढावे लागेल, श्वास मानेला पाडलेल्या भोकातून घ्यावा लागेल. आणि थांबलात तर ती फुप्फुसात उतरेल. प्रत्येक भेटीत ती 'विचार करते' म्हणून परत आली होती.

डेस्मंडने हात झटकला. त्याच्याही घशात एकदा गाठ होती आणि याच मेणबत्त्यांनी ती विरली होती, हे त्याने शपथेवर सांगितले.

"डॉक्टरांचं काय ऐकतेस, रोझी? सुरी दिसली की हात शिवशिवतात त्यांचे. वर्षभर थांब गं." मग तिच्या खांद्यावर हात ठेवून तो मायेने म्हणाला, "आणि आवाज गेल्यावर तू राहिलीस काय नि गेलीस काय, एकच."

वर्षभर. तिच्या छातीतले ओझे एकदम हलके झाले. इतके हलके, की तिला घाम फुटला. हा हलकेपणा तिच्या ओळखीचा होता. गेल्या वर्षी याच रांगेतून, आवाज नुकताच बसू लागला होता तेव्हा, ती अशीच हलकी होऊन घरी गेली होती आणि उन्हाळा संपेपर्यंत डॉक्टरकडे फिरकली नव्हती.

गायक बाजूला झाला. डेस्मंडने तिला मागून हलकेच ढकलले. गळ्याला मेण टेकले. थंडगार. डोळ्यांच्या कडेला तिला मेणबत्त्यांची टोके दिसत होती. ती भराभर हलत होती.

फादरना सगळे ठाऊक होते. पाठ असलेली प्रार्थना त्यांनी मध्येच थांबवली.

"रोझलीन, काय मागू तुझ्यासाठी?" त्यांनी हळूच विचारले. "आवाज?"

तिने तोंड उघडले. काहीच आले नाही. तिने पुन्हा श्वास घेतला, पूर्वी घ्यायची तसा, पोटातून. शब्द फाटके निघाले, पण डेस्मंडलाच काय, रांगेतल्या शेवटच्या माणसालाही ऐकू गेले.

"सर्जनचा हात स्थिर राहू दे, एवढंच मागा, फादर. मी त्यांना हो सांगतेय. सगळं काढा म्हणून."