नावाड्याची बाटली

पितळी पाटीवरचं कापड ओढलं गेलं, टाळ्या वाजल्या, आणि ऑरिन टकरने खिशातून चष्मा काढून पाटी वाचली.

'याच धक्क्यावरून दारूच्या नशेतल्या नावाड्याने भर पुरात नाव लोटली. तो आणि चार उतारू मिसिसिपीत बुडाले.' खाली ऑरिनच्या पहिल्या कादंबरीतलं एक वाक्य होतं. त्याखाली त्याचं नाव.

त्याने पुन्हा एकदा वाचलं. मग शेजारी उभ्या असलेल्या मेयरबाईंचा दंड धरला.

"डार्लीन, हे काय लिहिलंय? नावाडी प्यायलेला नव्हता."

"म्हणजे?"

"पुरात वाहत आलेलं झाड नावेवर आदळलं. बाटली मी घातली. कादंबरी आहे ती, बाई! न्यूयॉर्कचा संपादक म्हणाला, नुसतं झाड आदळलं तर त्यात गोष्ट कुठाय? म्हणून मी त्याच्या हातात बाटली दिली."

डार्लीन हसली. म्हाताऱ्या माणसांकडे बघून हसतात तशी.

"मिस्टर टकर, माझे आजोबा त्या दिवशी काठावर उभे होते. त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती बाटली. मरेपर्यंत सांगायचे."

"पुस्तक यायच्या आधीही सांगायचे?"

"ते मला कसं ठाऊक असणार? माझा जन्मच पुस्तकानंतरचा." तिने त्याच्या कोटाची कॉलर सारखी केली. "चला, लोक ताटकळलेत. दोन शब्द बोला. आणि जरा हसून हं, पेपरवाले आलेत."

ऑरिन माइकपाशी गेला. समोर सगळं गाव होतं. बहुतेकांच्या हातात तीच कादंबरी, शाळेत नेमलेली आवृत्ती, मुखपृष्ठावर होडी आणि तिच्यात आडवी पडलेली बाटली. त्यानंतर त्याने नऊ कादंबऱ्या लिहिल्या होत्या. एकीवर तर इतकी वर्षं घालवली की तेवढ्यात बायको सोडून गेली. त्या नवांपैकी एकही कुणाच्या हातात नव्हती.

"मित्रहो," तो म्हणाला, "या पाटीवरचं खरं नाही. हायरम पीटर्स शुद्धीत होता. चांगला नावाडी होता. बाटली मी रचली. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा होतो आणि मला पुस्तक छापून हवं होतं. ही पाटी काढून टाका."

मग मागून कुणीतरी हसलं, आणि सगळ्या गावाने टाळ्यांचा कडकडाट केला.

"ऐकलंत?" शाळेतल्या इंग्रजीच्या बाई आपल्या वर्गाला म्हणाल्या. "मोठे लेखक असेच असतात. खरं कुठून घेतलं ते कध्धी कबूल करायचे नाहीत."

"मी कबूलच करतोय!" ऑरिन ओरडला. पण माइक तोवर बंद झाला होता आणि बँड सुरू झाला होता.

तो मंचावरून उतरला, तर एक गलेलठ्ठ माणूस वाट अडवून उभा. अंगात नावाड्याचा वेष, काखेत बाटली.

"सर, तुमचा नावाडी मीच! एरवी विमा विकतो. पण तुमच्या कादंबरीवर गावात दरवर्षी नाटक होतं, त्यात हे काम माझंच. झोकांड्या खात नावेत चढायचं कुणाला जमतच नाही माझ्यासारखं. दाखवू?"

त्याने तिथेच दोन झोकांड्या खाऊन दाखवल्या. आजूबाजूचे खो खो हसले.

ऑरिन त्याला ढकलून पुढे निघाला. धक्क्याच्या कडेला चर्चच्या बायकांनी तंबू ठोकला होता. तिथे लिओटा पीटर्स कढईत मासे तळत होती. हायरमची मुलगी. ऐंशीला टेकली होती, पण झारा अजून दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे.

"लिओटा, ऐकलंस ना मी काय बोललो?"

"ऐकलं. आवाज चांगला आहे तुझा अजून."

"कुणी मानतच नाही गं! मी लिहिलेलं खरं मानतात, आणि मी बोलतोय ते खोटं. तू सांग त्यांना. तू मुलगी आहेस. तुझं ऐकतील."

लिओटाने मासा उलटा केला. तेल तडतडलं.

"पुस्तक आलं तेव्हा सांगितलं होतं की. घरोघरी जाऊन. बाबा दारूच्या थेंबाला शिवले नाहीत कधी, म्हटलं. लोक म्हणाले, मुलगीच ती, बापाची बाजू घेणारच."

"तेव्हा मी इथे नव्हतो. आता आहे. चल, दोघं मिळून जाऊ. माइक परत सुरू करायला लावतो. मी लिहिणारा, तू त्यांची मुलगी. आपण दोघं एकच सांगितल्यावर कुणाची टाप आहे नाही म्हणायची?"

"मला नको नेऊस, ऑरिन."

"का? भांडायला भितेस? तू?"

"भीत नाही." तिने गॅस बारीक केला. मग झारा खाली ठेवला आणि एप्रनला हात पुसत राहिली. "त्या सकाळी निघताना बाबांनी माझा मुका घेतला होता. त्यांचं तेवढंच उरलंय माझ्यापाशी."

"मग तेच सांग ना त्यांना."

लिओटाने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं.

"काय सांगू? अलीकडे मी ते आठवायला जाते, तर त्यांच्या तोंडाला दारूचा वास येतो."