शेजारच्या कुरडया

सकाळचे आठ वाजले नव्हते, तोच ऊन मी म्हणत होतं. अंगणातल्या चुलीवर मुक्ताबाईनं कुरडयांचा चीक घातला होता आणि दोन्ही हातांनी दांडा धरून ती तो घोटत होती. गव्हाचा चीक मोठा मानी. हात जरा थांबला की गुठळी झालीच, मग तीन दिवस गहू भिजवला, वाटला, गाळला त्याची माती. म्हणून शेजारची बनुबाई पदराखाली पाटी घेऊन आली, तेव्हा मुक्ताबाईनं नुसती मान हलवून तिला बस म्हटलं.

बनुबाई ओट्याच्या सावलीला टेकली. पाटी तिनं पाठीमागं सरकवली.

“लई तापतंय गं आक्का.”

“तापंना. वाळवनाला बरंच हाय.”

“आमच्या हिरीनं तर तळ दावला. धोंड्याच्या म्हैन्यात जावई आलं, त्यास्नी आंघुळीला दोन तांबे पानी दिलं. मानसानं तोंड कुठं लपवावं?”

“अनारसं तरी केल्तं का?”

“केलं की. निम्मं तुपात इस्कटलं. जावई म्हनलं, मामी, चमच्यानं वाढा.”

मुक्ताबाई हसली. बनुबाईनंही हसून घेतलं, पण तिचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे अख्ख्या आळीला ठाऊक. आज मात्र ती जावयावरून आंब्यावर, आंब्यावरून आखितीवर अशी भटकत राहिली आणि आखितीशी आल्यावर एकदम गप्पच झाली.

आखिती चार दिवसांपूर्वीच झाली होती. घरातल्या मेलेल्यांच्या नावानं त्या दिवशी पाण्याच्या केळी भरतात. मुक्ताबाईनं दोन मडकी भरली, एक सासऱ्याचं, एक सासूचं. तिसऱ्याचा विषय तिनं कोणाला काढू दिला नाही. बन्सी तिचा एकुलता एक. लढाई हिवाळ्यातच सरली, पंचक्रोशीतले शिपाई सुट्टीवर येऊन परतही गेले. बन्सीचा नुसता कागद आला. ठावठिकाणा लागत नाही, एवढंच त्यात होतं. मेला असं कुठं लिहिलं होतं? पलीकडं कैदेत असेल. कैदी सोडायची बोलणी होणार असं शाळेचे मास्तर पेपरातून वाचून दाखवत, आणि मुक्ताबाई ते दोन-दोनदा वाचायला लावी.

“आक्का,” बनुबाई खाली बघत म्हणाली, “थोड्या कुरडया आनल्यात. पापड बी हाईत.”

ज्या घरातलं माणूस गेलं, त्या घरात वर्षाच्या आत वाळवण घालत नाहीत. शेजारणीच आपल्यातलं उचलून देतात. कोणी काही विचारत नाही, कोणी सांगत नाही. पाटी आली की समजायचं.

“कुनाच्या घरात आनल्यास?” दांडा फिरवतच तिनं विचारलं.

“आक्का, तसं न्हवं...”

“मंग कसं? माझा चीक चुलीवर हाय, दिसंना व्हय तुला? माझा बन्सी जित्ता हाय. उचल ती पाटी. तुझ्या जावयाला तळून घाल.”

बोललेलं लागावं म्हणूनच बोलली होती, आणि ते लागलं. बनुबाईचे डोळे भरून आले, पण ती उठली नाही. तिनं दाराकडं पाहिलं. तिथं मुक्ताबाईची सून मनकर्णा उभी होती. बाजेवर अंथरायचं जुनेर तिच्या हातात तसंच होतं.

“त्यास्नी बोलू नका, आत्या,” ती म्हणाली. “मीच मागितल्या.”

“तू? कपाळाला कुकू लावून?”

“तुमी रोज सकाळी उठून आदी माझं कपाळ बघता. म्हनून लावते.” मनकर्णाचा आवाज जराही चढला नाही. “त्ये हाईत का न्हाईत, मला ठावं न्हाई. कुनालाच ठावं न्हाई. पन पाच म्हैनं झालं, ह्या घरात डोळ्याला पदर लावायची चोरी. लावला की तुमी म्हनता, आवदसे, जित्त्या मानसावर रडतीस? मी कांदा चिराया बसते तवाच काय ते. आत्या, मला रडायचं हाय.”

मुक्ताबाई तिच्याकडं बघत राहिली. एवढीशी पोर, लग्नाला पुरती दोन वर्षं झालेली नाहीत. गालांची हाडं कधी वर आली? पोराला जितं ठेवायच्या नादात आपण ह्या पोरीचा गळा धरून बसलो, हे तिला त्या घटकेला कळलं आणि फार वाईट कळलं. बनुबाई नाक पुसत होती. मनकर्णा अजून उंबऱ्याच्या आतच उभी होती, बाहेर यायला तिला सासूचा हुकूम हवा असल्यासारखी.

चीक शिजत आला होता. आणखी थोडं घोटलं की साच्यात भरायचा. मुक्ताबाईनं दांडा सोडला. खाली बसून तिनं चुलीतली जळती लाकडं एकेक करून बाहेर ओढली आणि त्यांवर तांब्यातलं पाणी ओतलं. धूर डोळ्यांत गेला तरी तिनं तोंड फिरवलं नाही.

“आन हिकडं ती पाटी,” ती बनुबाईला म्हणाली. मग तिनं सुनेला हाताला धरून जवळ बसवलं, आणि मनकर्णाला हुंदका फुटायच्या आत स्वतःच मोठ्यानं रडू लागली.