शून्यावर शिक्का

"त्या दुसऱ्या कंपनीचे? एकही नाही. शून्य लिहा," दिनेश म्हणाला.

नाशिकच्या कॅनडा कॉर्नरवरच्या त्याच्या दुकानात चैताली अर्ध्या तासापासून सर्व्हेचा फॉर्म भरत बसली होती. महिन्याला किती कॉम्प्युटर जोडता, त्यात मोठ्या कंपनीचे प्रोसेसर किती, दुसरीचे किती, असे साधेच प्रश्न होते. दिनेशला मात्र त्यातला एकही साधा वाटत नव्हता. आधी त्याला वाटलं, ही सेल्स टॅक्सची असावी. मग तिच्या गळ्यातलं कार्ड बघून वाटलं, हिला मोठ्या कंपनीनेच पाठवलं असणार. दुकानावर बोर्ड त्यांचा होता आणि आत स्वस्त म्हणून दुसरीचाच माल जास्त खपत होता. त्यांना हे कळलं तर बोर्ड उतरायला कितीसा वेळ? सर्व्हे कोणासाठी आहे, असं त्याने दोनदा विचारून पाहिलं. प्रश्न संपेपर्यंत सांगता येत नाही, तसा नियमच आहे, असं तिने दोन्ही वेळा सांगितलं. नियम सांगणारा माणूस हमखास काहीतरी लपवत असतो, असं दिनेशचं ठाम मत होतं.

शेजारच्या स्टुलावर कळवणचे कोंडाजी बसले होते. मुलीच्या कॉम्प्युटरचा डबा पंच्यात गुंडाळून त्यांनी मांडीवर धरला होता. चार महिन्यांपूर्वी तो इथूनच नेला होता आणि आता त्याचा प्रोसेसर गेला होता. घेताना दिनेशने त्यांना दुसऱ्या कंपनीचा प्रोसेसर पटवून दिला होता. काम तेच, किंमत कमी, माझ्या घरीसुद्धा हाच आहे, असं सांगितलं होतं. "एकही नाही" ऐकून कोंडाजींनी मान वर केली. पंचा जरा बाजूला सारून डब्याकडे पाहिलं.

चैतालीने शून्य लिहिलं, सही घेतली, खाली दुकानाचा शिक्का मारून घेतला. मग शेवटचं पान उलटून तिथला छापील मजकूर वाचून दाखवला. सर्व्हे दुसऱ्या कंपनीसाठीच होता. बिघडलेले प्रोसेसर हातोहात बदलून देणारं केंद्र नाशिकला काढायचं की औरंगाबादला, हे या आकड्यांवरून ठरणार होतं.

दर शनिवारी दुकान बंद ठेवून, बिघडलेले प्रोसेसर बॅगेत घालून दिनेश पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईचं केंद्र गाठायचा. बदली माल कधी मिळायचा, कधी पुढच्या आठवड्यात या म्हणायचे. तोवर इकडे गिऱ्हाईक फोन करकरून जीव खायचं. दोन महिन्यांत सहा गिऱ्हाइकं तुटली होती. असंच चाललं तर वर्षभरात दुकान बंद करावं लागेल, हे बायकोला त्यानेच सांगितलं होतं. नाशिकला केंद्र द्या म्हणून कंपनीला दोन पत्रं लिहिणाराही तोच होता.

त्याने आवाज खाली आणला. महिन्याला चाळीस जातात, तीस तर नक्कीच, मघाशी बोलण्यात गडबड झाली, तेवढं शून्य खोडा, अशी तो गयावया करू लागला. चैतालीने बिलं मागितली. माल बिनबिलाचा, दाखवणार काय?

"सर, मघाशी खोटं बोललात आणि आत्ता खरं बोलताय, हे मी कशावरून धरू?" ती म्हणाली.

तरी तिला त्याची कीव आली असावी. तुमच्या एखाद्या गिऱ्हाइकाने समक्ष सांगितलं तर तसा शेरा मारता येईल, असं तिने सुचवलं.

दिनेशला हायसं वाटलं. तो स्टुलाकडे वळला. "काका, सांगा यांना. तुमच्या डब्यात मी कुठल्या कंपनीचा बसवलाय?"

कोंडाजींनी पंच्याची गाठ पुन्हा मारली, आवळून.

"शेठ, सकाळी येष्टीत शेजारच्यानं कंपनी इचारली, त्याला मी छातीठोक सांगितली. मघाचं ऐकल्यावर आता नाय सांगता यायचं."