पोकळ लाकडाची फुली

"मशीन ठीक आहे. तुमचीच बोटं चुकतात, बाई." मुंबईच्या इंजिनियरने 'ऑपरेटरची चूक' असा अहवाल सहीसाठी सरकवला. ब्रह्मपुरीच्या सागवान डेपोतला नवा कॉम्प्युटर लिलावाच्या याद्या भरताना रोज अडकायचा. त्याने फ्लॉपीतून डिस्कचा ड्रायव्हर पुन्हा चढवला होता, दहा ओंडके नोंदवून पाहिले होते; आता त्याने बॅग उचलली. ऑपरेटर सत्यशीला दारात आडवी आली. "दहा ओंडक्यायनं बैलबंडी मोडत नाई, साहेब. तिन्ही टर्मिनलवर पुऱ्या याद्या टाका." चरफडत त्याने तिला आणि डेपोतल्या आणखी दोघा ऑपरेटरांना बसवलं. पाचव्या मिनिटाला डिस्क घरघरली, तिन्ही पडदे थिजले. "आता कोनाची बोटं चुकली?" "एवढा भार एकदम कोणी टाकतं का?" "आमी रोजच टाकतो." "सही करा. मला बस गाठायची आहे." तिने अहवाल दाराजवळच्या ओंडक्यावर ठेवला, बाद ठरलेल्या पोकळ लाकडावर फुली उमटवायचा हातोडा उचलला आणि सहीच्या जागी हाणला. "घ्या."