मांडीवरचा पाना

नवऱ्याच्या जुन्या मोटारीचा सायलेन्सर असा बोंबलायचा की लग्नापासून दोघं गाडीत बेंबीच्या देठापासून ओरडूनच बोलायची. आज अंगणात गाडी जॅकवर चढवून त्यांनी गंजलेला सायलेन्सर पाइपासकट बदलला. पाइप पकडून ठेवणारा शेवटचा क्लॅम्प तिने आवळला होता; तो सैल निघालाच तर हाताशी असावा म्हणून ती पाना मांडीवर घेऊनच शेजारी बसली. गाडी मांजराच्या पावलांनी रस्त्याला लागली. इतक्यात काहीतरी घुमू लागलं. "अहो, थांबा! क्लॅम्प सैल राहिलाय!" ती सवयीने ओरडली. त्याने गाडी थांबवून कान टवकारले. आवाज बंद. निघाल्यावर पुन्हा सुरू. तिने दाराला कान लावला, मग त्याच्याकडे पाहिलं. ओठ मिटलेले, पण गळा थरथरत होता. इतकी वर्षं हा माणूस गात होता? सुरात? "सापडलं का?" त्याने विचारलं. "काही नाही. चालवा तुम्ही," ती कुजबुजली आणि पाना वाजू नये म्हणून घट्ट धरून बसली.