पहिलाच फिल्टर

"हा तिसरा, सूर्याजी. आणि हाही बेकार."

इंदुताईंनी पिशवीतून ओला फिल्टर काढून काउंटरवर ठेवला. आवाज चढवला नाही. तो त्या कधीच चढवत नसत. तरी माशांच्या टाक्या बघत उभी असलेली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली.

सूर्याजीनं फडक्यानं पाणी टिपलं. खासगी बाजार नावाच्या पेठेत त्याचं दुकान होतं आणि किला गेट भागात घर, इंदुताईंच्या भिंतीला भिंत लागून. शेजारी म्हणून तो आजवर गप्प राहिला होता.

"काकू, पहिला गुरगुरतो म्हणालात. तो तुमच्याकडेच राहू दिला आणि मागे टांगायचा आणून लावला. त्याचं पाणी पडतं म्हणालात. मग हा स्पंजवाला लावला. आता याच्यातून आवाज येईल तरी कुठून?"

"याच्या हवेच्या पंपातून. भुंग्यासारखा घुमतो."

"टाकी तुमच्या लेकाची, यशोधनची, आणि तो बदली होऊन भोपाळला. मासे मजेत आहेत. परेशानी फक्त तुम्हाला आहे!"

"मजेत आहेत असं मासे सांगून गेले तुला?" इंदुताई म्हणाल्या. "कोंडलेला जीव ओरडत नाही, म्हणून तो सुखी असतो होय रे?"

कुणीतरी फिसकन हसलं. सूर्याजीचे कान लाल झाले.

इंदुताईंचा चातुर्मासाचा नेम होता. आंघोळ करून सोवळ्यानं जपाला बसायचं, आणि जप पुरा होईपर्यंत पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही. टाकी देवघराच्याच खोलीत होती, सूर्याजीच्या घराकडच्या भिंतीशी. मागच्या महिन्यात दुपारी वीज गेली, फिल्टर बंद पडला, आणि त्या दिवसापासून त्यांचा जप लागेनासा झाला. माळ मधेच थांबायची. हे मार्गी लागेपर्यंत मी एकभुक्त राहणार, असं त्यांनी सून मंजिरीला सांगून टाकलं होतं.

"तो डब्याचा दे," त्यांनी वरच्या फळीकडे बोट दाखवलं. "टाकीच्या बाहेर ठेवतात तो."

"तो मोठ्या टाकीचा आहे. तुमचे गोल्डफिश धारेनं फेकले जातील."

"गोल्डफिश घाण फार करतात. त्यांना मोठा फिल्टर चालतो. धार काचेकडे वळवली की झालं. मलाही वाचता येतं, सूर्याजी."

"मग लावा तुम्हीच!"

"तू लावणार. आत्ता. घरी येऊन लावून देतो, अशी पाटी टांगली आहेस ना बाहेर?"

सूर्याजीनं खोकं काउंटरवर आपटलं, दुकान भावावर सोपवलं आणि स्कूटर काढली.

दारात इंदुताईंनी त्याला अडवलं. "चामडं बाहेर."

"माहीत आहे!" मागच्या दोन्ही खेपांना हेच झालं होतं. त्यानं पट्टा काढला, पाकीट काढलं, चामड्याच्या पट्टीत ओवलेला किल्ल्यांचा जुडगा काढला आणि सगळं बाहेरच्या चपलांच्या फळीवर ठेवलं.

"मोबाइलचं कव्हर?"

"हद्द झाली, काकू!" मोबाइलही फळीवर गेला.

"हेमांगी असती तर तिनं शिकवलं असतं तुला सोवळं."

"बायको झाशीला आहे माझी, माहेरी. किती वेळा सांगू?"

"हो. सांगितलंस."

तो टाकीशी बसला तशी मंजिरी मोठी पिशवी घेऊन निघाली. "आई, धोब्याकडे जाऊन येते."

"दोनदा रिकाम्या हातानं परत आलीस."

"आज नाही येणार. आज सगळं तयार आहे," मंजिरी म्हणाली आणि दार ओढून घेतलं.

सूर्याजीनं नळ्या जोडल्या. आधीच्या फिल्टरचा स्पंज यात घालायचा म्हणून बेसिनकडे नेऊ लागला, तर इंदुताईंनी हटकलं. "नळाखाली नको. त्यातले चांगले जंतू मरतात. टाकीच्याच पाण्यात पीळ." मग एका सांध्याशी थेंब दिसला. तो त्याला सोडवून पुन्हा बसवायला लावला. तो पुटपुटत होता, घाम पुसत होता. शेवटी त्यानं बटण दाबलं. पाणी फिरायला लागलं, मासे संथ पोहायला लागले.

"ऐका. आहे काही आवाज?"

इंदुताईंनी तळवा काचेवर ठेवला. मग भिंतीकडे कान केला. बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या.

"नाही," त्या म्हणाल्या. "काहीच नाही."

"मग झालं एकदाचं!"

"नको. काढ हा. पहिलाच लाव."

"काय?"

"तो गुरगुरणारा. कपाटात आहे."

सूर्याजी ताडकन उठला. "डोकं फिरलंय तुमचं! एवढे खेटे घालायला लावले ते कशाला? तोंडानं देवाचं नाव घेता आणि माणसांना छळता!"

"छळ कशाला म्हणतात ते तू मला सांगू नकोस," इंदुताई म्हणाल्या. अगदी हळू. "लाव."

त्यानं लावला. आदळआपट करत, नळ्या ओढून काढत, फरशीभर पाणी सांडत लावला. मग बाहेर गेला. पट्टा, पाकीट, मोबाइल, किल्ल्या, सगळं ठेवलं तसंच फळीवर होतं. त्यानं सगळं उचललं.

इंदुताईंनी आतून कडी घातली. फिल्टरचं बटण शेवटपर्यंत फिरवलं. खोली गुरगुराटानं भरून गेली. भिंतीपलीकडे कुलूप खडखडलं, काहीतरी फुटलं, मग सूर्याजी ओरडायला लागला. फिल्टरनं त्यातलं निम्मं गिळून टाकलं.

माळ हातात घेण्याआधी त्यांनी मोबाइल पाहिला. मंजिरीचा मेसेज होता.

"आई, गाडी सुटली. हेमांगी आता खरंच माहेरी निघाली."