ओकतोशचा झरा

ताश्कंदच्या त्या सभागृहात ब्लॉग लिहिणारे चारशे लोक जमले होते आणि दुपार झाली तरी इल्होमशी त्यातला एकही धड बोलला नव्हता. सगळे टोळक्याटोळक्याने आलेले. एकमेकांचे फोटो काढायचे आणि तेच एकमेकांना दाखवायचे, असा सकाळपासूनचा उद्योग चालला होता.

व्यासपीठावरच्या बाई मात्र ठासून सांगत होत्या की अशा ठिकाणी एकट्यानेच यावं. "मित्र सोबत असले की तुम्ही मित्रांशीच बोलता. एकटे असलात, तर तुम्हाला शोधत आलेला माणूस तुमच्यापर्यंत पोचतो." इल्होमने ते वहीत उतरवून घेतलं.

असा एखादा माणूस त्याला हवाच होता. कोकंदला त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि 'डोंगरवाट' नावाचा ब्लॉग. गिऱ्हाईक ताटकळतंय आणि हा लिहीत बसलाय, याला त्याची बायको मुनिरा विटून गेली होती. या खेपेला तिने निक्षून सांगितलं होतं, संमेलनातून काहीतरी पदरात पाडून आण, नाहीतर ब्लॉग बंद. निघताना आईने रिवाजाप्रमाणे त्याला जाड गोल रोटीच्या कडेचा एक घास तोडायला लावला आणि उरलेली रोटी फडक्यात बांधून दाराजवळच्या खिळ्याला टांगली. परत आल्यावर ती त्यानेच संपवायची होती.

"दोन दिवसांसाठी चाललाय, लढाईवर नाही," मुनिरा म्हणाली होती.

जेवणाच्या सुट्टीत एक म्हातारा टेबलाटेबलाशी थांबून लोकांच्या गळ्यातली ओळखपत्रं वाचत होता. बोट लावून, एकेक अक्षर. इल्होमच्या ओळखपत्रावर ते बोट थांबलं.

"डोंगरवाट तुझीच?"

म्हाताऱ्याने आपलं नाव नूरमत सांगितलं. तोही एकटाच आला होता. शेजारी बसला, पुलाव नको म्हणाला आणि ओकतोश खिंडीवरचा इल्होमचा लेख त्याने घडाघडा म्हणून दाखवला. 'दुसऱ्या वळणावर बारमाही झरा आहे. पाणी बर्फासारखं गार. ओझं कशाला वाहता? एक बाटली पुरे.' आपलं लिखाण कुणाला पाठ असावं, हे सुख इल्होमच्या वाट्याला पहिल्यांदाच येत होतं. त्याला अगदी भरून आलं.

"मुलाने वाचून दाखवलं होतं," नूरमत म्हणाला. "मला कुठे फोनवरचं दिसतंय."

"काय करतो मुलगा?"

"डोंगरातच असतो."

मग तो कामाचं बोलला. त्या झऱ्याशी त्याला प्रवाशांसाठी उतरायचं घर बांधायचं होतं आणि त्याच्याविषयी बारा महिने लिहायला माणूस हवा होता. पगार ठरवून देणार होता. फक्त जागा इल्होमने दाखवायची, कारण झरा त्याने पाहिलेला. उद्या सकाळीच निघायचं.

इल्होमने हातातला घास परत ताटलीत ठेवला. ओकतोशला तो जन्मात गेला नव्हता. एका जुन्या नकाशावर निळा ठिपका दिसला होता, बाकीचं पाणी त्याने दुकानात बसून सोडलं होतं. अशा कितीतरी वाटा त्याने खुर्चीतून तुडवल्या होत्या आणि आजवर कुणी जाब विचारला नव्हता. पण चालून आलेली संधी सोडायची कशी? तिथे गेल्यावर म्हणू, यंदा आटला. झरे काय, आटतात.

"दाखवतो की, नूरमत-अका," तो थोरल्या भावाला हाक मारावी तशा अदबीने म्हणाला.

म्हाताऱ्याने त्याला चहा ओतला, प्याला काठोकाठ भरून. पाहुण्याला थोडा थोडा ओततात, भरलेला प्याला म्हणजे आता निघा. हात थरथरला असेल, असं म्हणून इल्होमने तो पिऊन टाकला.

"घरून निघताना रोटीचा घास तोडलास?"

"आई सोडतेय होय!"

"बरं केलंस. आईचं ऐकावं," नूरमत म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी ऊन मी म्हणत होतं. शेवटचं गाव मागे पडून दोन तास झाले, तेव्हा खिंडीच्या पायथ्याशी रस्ता संपला. नूरमतने स्वतः चालवत आणलेल्या गाडीत मागे पाण्याचा मोठा कॅन होता. इल्होमने त्याला हात घातला, तर म्हाताऱ्याने झाकणावर आपला हात ठेवला.

"ओझं कशाला वाहतोस, पोरा? एक बाटली पुरे."

इल्होम हसला. दुसरं करणार तरी काय? जास्त पाणी मागणं म्हणजे आपल्याच तोंडाने कबुली देणं होतं.

चढ गुडघ्यांना झेपत नाही, तू हो पुढे, मी हळूहळू येतो, असं सांगून नूरमतने त्याच्या हातात फडक्याची पुरचुंडी ठेवली. भूक लागली तर असू दे, म्हणाला. इल्होमला हायसं वाटलं. एकटा पुढे गेला म्हणजे आटलेला झरा हवा तिथे दाखवता येणार होता.

पहिल्या वळणालाच निम्मी बाटली संपली. दुसऱ्या वळणावर नुसते तापलेले दगड. त्यात एक बरा खळगा त्याने हेरला, त्यातली जुनी रिकामी बाटली पायाने दूर सारली आणि दोन बाजूंनी फोटो घेतले. झरा अगदी खरा वाटत होता. तो स्वतःवर खूश झाला.

तेवढ्यात खालून गाडीचा आवाज आला. त्याने वाकून पाहिलं. गाडी वळली आणि आल्या वाटेने निघून गेली. त्याने हाका मारल्या, हात हलवले. फोनला रेंज नव्हती. गाडी वळवून सावलीत लावायची असेल, असं मनाला समजावत त्याने तासभर वाट पाहिली. बाटली केव्हाच संपली होती.

पुरचुंडीत निदान काकडी, टरबुजाची फोड काहीतरी असेल, म्हणून त्याने गाठ सोडली. आत एक गोल रोटी होती. कित्येक महिने कुणाच्या तरी दाराशी टांगून राहिल्यासारखी, दगडासारखी वाळलेली, आणि कडेचा एकच घास तोडलेली.